नाकाच्या गाडीला इंजिन कोणतं

२ नोव्हेंबर, रविवार
बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितलं, रोज लिहून ठेवा. कोणता शब्द आला, कशावरून आला. पुढच्या वेळी जालन्याला येताना दाखवा.
तर आजचा शब्द : बराबर. दुसरा नाही.
चहा घेता का? बराबर. पंखा बंद करू? बराबर. डोकं दुखतंय का? बराबर.
अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून यांच्याकडं हा एकच शब्द राहिलाय. गॅरेजमध्ये नट जागेवर बसला की म्हणायचे, "बराबर." तोच तेवढा वाचला. मॅडम म्हणतात त्यांना पुष्कळ कळतं, शब्द सापडत नाही, जो हाताला लागतो तो बाहेर येतो. कळतं ना, मग झालं, असं मी म्हणाले खरी. पण मला कसं कळावं?

५ नोव्हेंबर, बुधवार
यांना फाट्यावरच्या गॅरेजला नेलं. उजवा पाय ओढत, माझ्या खांद्यावर भार देऊन, पण चालले. कुलूप मीच उघडलं. आत सगळीकडं कबुतरांची घाण.
गाडी होती तशीच उभी. नाकाची गाडी. आताच्या ट्रकला नाक नसतं, हिचं बोनेट हातभर पुढं. लष्कराच्या लिलावातून भंगार म्हणून आणली होती. सागवानी बॉडी यांनी स्वतः बसवली, निळा रंग दिला, दाराला पितळी मुठी. जुन्या इंजिनचा ब्लॉक फुटलेला, तो काढून टाकला. नवं कोणतं बसवायचं ते ठरत होतं, तेवढ्यात माणूसच पडला.
बोनेट मी उघडलं. यांनी डावा हात आत घातला, मोकळ्या जागेत चाचपडले. मग माझ्याकडं बघून, "बराबर."
"काय पाहिजे?"
"बराबर. बराबर!" आवाज चढला. मडगार्डवर हात आपटला. घरी आणलं तर जेवले नाहीत.
इंजिन पाहिजे. दुसरं काय असणार.

९ नोव्हेंबर, रविवार
रशीदभाई आले. जुन्या जालन्यात त्यांचं गॅरेज. दोघं एकाच उस्तादाकडं शिकले, म्हणून दर रविवारी येतात, यांच्यापाशी बसतात, एकटेच बोलतात.
इंजिनचं विचारलं. तोंड उजळलं त्यांचं.
"भाभी, नाकाच्या गाडीत छे सिलिंडरच पाहिजे. जुनंच. आवाज न्हाई आला तर लोक म्हणतील टेम्पो चालला."
मोबाईलवर फोटो काढून यांच्यापुढं धरला. "अंकुशभाई, यही ना?"
"बराबर."
"देखा?" म्हणाले, आणि डोळे पुसले.

१२ नोव्हेंबर, बुधवार
भाऊजींना कळलं. संतोष भाऊजी, यांचे धाकटे भाऊ. शेत तेच बघतात. कापूस वेचायला बाया लावून दुपारीच आले.
"वहिनी, रशीदभाईचं ऐकू नका. छे सिलिंडरचा एकेक पार्ट शोधत फिरावं लागतंय. परतूरला एका ॲक्सिडेंटच्या गाडीचं चार सिलिंडर टर्बो हाय. हलकं, नवं. उद्या गाडी नवरदेवाला भाड्यानं देता येईल. दादाला बी तेच पटत होतं."
यांना फोटो दाखवला.
"बराबर."
भाऊजी माझ्याकडं बघून हसले. झालं म्हणाले.
दोन माणसं, दोन इंजिनं. दोघांनाही यांची मंजुरी.

१६ नोव्हेंबर, रविवार
माझी अक्कल चालवली. दोन्ही फोटो मोठे करून आणले, ताटाच्या दोन बाजूंना ठेवले. म्हणलं बोलू नका, बोट लावा.
डावीकडच्या छे सिलिंडरला बोट लावलं. जीव हरखला. मग शंका आली म्हणून फोटोंच्या जागा बदलल्या. परत डावीकडंच बोट. आता तिथं चार सिलिंडर.
मग एकाखाली एक ठेवले. वरच्याला बोट. बदलले. परत वरच्यालाच.
इंजिन नाही, जागा दाखवत होते. मी फोटो गोळा केले. हे माझ्याकडं असे बघत होते जसं काही मीच समजत नाहीये.
तसंच असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
जालना. मॅडमना विचारलं इंजिनचं. त्या बिचाऱ्या हसल्या. "ताई, तुम्ही इंजिन विचारताय. मी अजून पाणी पाहिजे का चहा, इथंच अडकलेय."
मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, आवडीच्या वस्तूपाशी न्या, वास येऊ द्या, हात लागू द्या. शब्द कधी कधी हातातून येतो. येईलच असं नाही सांगता येत.
येताना बसमध्ये हे खिडकीला डोकं लावून झोपले. तोंड उघडं. शेजारची बाई विचारू राहिली, किती दिवस झाले, देवाचं काही केलं का. मी म्हणलं, केलं. काही केलेलं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
मी रशीदभाईंबरोबर जाफराबादच्या पुढं एका वस्तीवर गेले. यांना भाऊजींच्या घरी ठेवलं. तिथल्या एका शेतकऱ्याच्या रानात जुना ट्रक उभाय, असं रशीदभाईंना कुणी सांगितलेलं. होता. चाकं गेलेली, केबिनमध्ये कोंबड्या, वर कापसाच्या पऱ्हाट्या रचलेल्या. पण बोनेटखाली छे सिलिंडर जागेवर.
रशीदभाईंनी पुढच्या पुलीला टॉमीचा लोखंडी दांडा लावून दम लावला. इंजिन फिरलं. जाम नव्हतं. लहान पोरासारखे नाचले. "भाभी, जिंदा है!"
मालक म्हातारा, मान हलवत म्हणाला, घेऊन जा, पण कोंबड्यांचं काय? मालकीण हसली. मीपण हसले. बऱ्याच दिवसांनी.
परत येताना जीपमध्ये वाटलं, मी कुणासाठी हसले. हे तिकडं भाऊजींच्या ओसरीवर बसलेत. त्यांनी बघायला पाहिजे होतं इंजिन फिरताना.

७ डिसेंबर, रविवार
आज वेगळंच. भाऊजी एका माणसाला घेऊन गॅरेजला आले. मंठा रोडला त्याचं नवीन हॉटेल होतंय. पुढं लॉन, झोपाळे, बैलगाडी ठेवलीय. त्याला गाडी पाहिजे. दर्शनी उभी करायला.
मी म्हणलं, इंजिन नाही तिच्यात.
"इंजिन कशाला ताई? उभीच राहायची. लोकं आत बसून फोटो काढतील. पितळी मुठी मात्र काढू नका."
सगळ्या गाडीभोवती फिरला. बोट फिरवून रंग बघितला. माणूस वाईट नव्हता, गाडी खरंच आवडली होती त्याला. मग यांच्यापुढं खाली बसून म्हणाला, "दादा, कारीगरी लई जबरदस्त केली. देऊन टाकता ना मंग आमाला?"
"बराबर."
त्यानं यांचा हात हातात घेतला. सौदा झाल्यासारखा.
मी मध्ये पडले. म्हणलं, त्यांचं बराबर तसं नसतं. तो गोंधळून भाऊजींकडं बघू लागला.
भाऊजींनी मला बाहेर नेलं. "वहिनी, रागावू नका. मी पण दादाला बघून राह्यलो ना? गॅरेजला आणलं की दोन दिवस जेवत न्हाई. त्या मोकळ्या बोनेटकडं बघत बसतो. डोळ्यासमोरून गाडी गेली तर सुटंल बिचारा."
जेवत नाहीत हे खरंय.
संक्रांतीनंतर हॉटेल सुरू होणार, तोवर सांगा म्हणाला तो.

१० डिसेंबर, बुधवार
कोमलचा फोन. संभाजीनगरला नर्सिंगचं शेवटचं वर्ष. "आई, पप्पाचे व्यायाम चुकवू नको. गाडीचं टेन्शन घेऊ नको. विकायची तर विक." मग जरा वेळानं, "आई, ती निळी गाडी विकू नको ना."
म्हणलं, एक काहीतरी सांग बाई.
फोन यांच्या कानाला लावला. "पप्पा, कसे आहात?" "बराबर." ती तिकडं रडत होती, इकडं हे हसत होते.

१५ डिसेंबर, सोमवार
इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते, आरसीवर नंबर बदलतो. म्हणून आरटीओत गेलो. गाडी यांच्या नावावर, म्हणून यांनाही नेलं. साहेब तरुण होते. उठून खुर्ची दिली यांना.
"काका, इंजिन बदलायचंय?"
"बराबर."
"स्वतःच्या मर्जीनं ना?"
"बराबर."
"कोणतं बसवणार?"
"बराबर."
साहेब लिहायचे थांबले. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.
"काका, तुमचं नाव काय?"
यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. कपाळावर घाम आला. सगळा जोर लावला. आणि "बराबर."
मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन् हसलं. यांनी मान वळवून बघितलं त्याच्याकडं. हसायचं काय कारण ते कळलं यांना. तेवढं बराबर कळलं.
साहेब हळू आवाजात म्हणाले, डॉक्टरांचा दाखला आणा की यांना समज आहे. आणि इंजिन कोणतं ते पक्कं करून या, नंबर लागतो. चुकीचं काही बोलले नाहीत.
स्टँडवर यांना केळी सोलून दिली. घेतली नाहीत. मीपण खाल्ली नाहीत. पिशवीत काळी पडली.

२० डिसेंबर, शनिवार
शब्द आला! शब्द आला.
जाफराबादचं इंजिन रशीदभाईंनी उघडून, धुऊन, नवे पिस्टन टाकून जोडलं. आज त्यांच्या गॅरेजमध्ये जमिनीवरच चालू करणार होते. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं, बाजूला बादलीत डिझेल, पाण्याचा पाईप. यांना खुर्ची दिली. भाऊजींना पण आणलं होतं मी, मागून कुरकुर नको.
पहिल्यांदा नुसता धूर. दुसऱ्यांदा खोकलं. तिसऱ्यांदा धरलं. काय आवाज! माझ्या दातात वाजला. हे उठले. कुणाचा हात न धरता. दोन पावलं टाकली आणि डावा पंजा इंजिनच्या डोक्यावर ठेवला. ठेवूनच राहिले. रशीदभाईंनी रेस दिली तरी काढला नाही.
मग म्हणाले, "गरम."
आम्ही तिघं एकमेकांकडं बघतच राहिलो. "काय म्हणले?" "गरम." परत म्हणाले. स्पष्ट.
रशीदभाई नाचायचे बाकी होते. "पसंत है! याच्या दिलाला लागलं!"
भाऊजी म्हणाले, "पसंत कशाचं? हात भाजला त्याचा. बघा, लाल झाला."
झालाच होता लाल. आणि रशीदभाईंचा कारागीर म्हणतो, इंजिन गरम होतंय असं सांगून राह्यलेत, पाणी कमी पडतंय.
शब्द एक, अर्थ तीन. मला काहीही चाललं असतं. मी हाताला मलम लावलं आणि रस्त्यात पेढे घेतले.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी अंघोळीचं पाणी : गरम. बरोबर होतं. आनंद झाला.
भाकरी : गरम. हेही बरोबर.
दुपारी थंड ताक : गरम. शेजारची सुनंदा आली : गरम.
सगळंच गरम. बराबर आणि गरम. यापलीकडं काही नाही. पेढ्याचा पुडा तसाच पडलाय.

२८ डिसेंबर, रविवार
रशीदभाईंना सरळ विचारलं. झटक्याच्या आधी हे काय म्हणायचे? कोणतं बसवणार होते? तुम्हाला तर माहीत असंल.
ते यांच्या चपलेकडं बघत बसले.
"सच बोलू भाभी? त्याचा फैसलाच नव्हता. एक रविवारी म्हणायचा छे सिलिंडर. पुढच्या रविवारी चार. मी मंग भांडायचो. दोन साल हेच. मला तर वाटतं त्याला बसवायचंच नव्हतं. बसवलं की काम खतम. मंग काय बोलायचं आम्ही?"
"आणि त्या दिवशी जे 'देखा' म्हणालात?"
"मला पाहिजे होतं ते मी पाहिलं. संतोषनं त्याचं पाहिलं."
ते गेल्यावर मी शिलाई मशीनवर बसले, ब्लाउज पुरं करायचं होतं, पण सुईत दोरा घालणं जमेना. ह्या माणसाच्या आत उत्तर आहे असं धरून मी शोधत होते. बाहेर येत नाही एवढंच, असं वाटायचं. आणि आत नव्हतंच. धडधाकट होते तेव्हाही नव्हतं.
झटक्यानंतर आज पहिल्यांदा यांचा राग आला. चांगलाच आला. ताट जरा जोरात ठेवलं. यांनी बघितलं आणि गुपचूप जेवले. सगळं जेवले.

३ जानेवारी, शनिवार
भाऊजी आणि रशीदभाई दोघं समोर बसले. आता तुम्हीच सांगा म्हणाले. छे, चार, का हॉटेल.
मला विचारतात. मी कापड सांगू शकते. कोणतं आटंल, कोणतं विरंल. इंजिनातलं मला काय कळतं? गाडी मी कधी चालवली नाही. बसले आहे एकदाच, बॉडी पूर्ण झाली तेव्हा, ढकलत बाहेर काढली होती, हे स्टिअरिंगवर आणि मी शेजारी. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत गेलो आणि परत. हे तोंडानं आवाज काढत होते.
भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल ते. मी मागं हटणार न्हाई."
छे सिलिंडर म्हणलं. का विचारलं तर सांगता येईना. यांचा हात त्याच्यावर टिकला, म्हणून. भाजेपर्यंत टिकला.
भाऊजींनी मान हलवली. पटलं नाही, पण हलवली.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. बाया वाणाला आल्या. सुनंदा म्हणते, गाडी हॉटेलवाल्याला दिली म्हणे? दुसरी म्हणते, इंजिन बसवून काय करणार, चालवणार कोण? मी तिळगूळ वाटला.
चालवणार कोण. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

१८ जानेवारी, रविवार
आज इंजिन बसवायचं. डॉक्टरांचा दाखला मिळाला, कागद दिलेत, परवानगी यायचीय. रशीदभाई म्हणाले, जागेवर बसवून माप तर बघू, इंजिन टेकवायच्या पट्ट्या कुठं कापायच्या ते कळंल.
लोखंडी तिपाईला चेनपुली लावली. इंजिन वर घेतलं, बोनेटवर आणलं. साखळी ओढायला स्वतः भाऊजी. शर्ट काढून, बनियनवर. मागं हटणार नाही म्हणाले होते, नाही हटले.
हे केबिनमध्ये. सकाळीच तिथं बसायचा हट्ट धरला, दोघांनी धरून चढवलं. डावा हात स्टिअरिंगवर. मी दारापाशी, पायरीवर उभी, पाठीला हात लावून.
रशीदभाई ओरडले, "अंकुशभाई, उतारू?"
"न्हाई."
साखळी थांबली. कबुतरं तेवढी फडफडत होती.
"दादा काय म्हणला?" भाऊजी पळत आले. "दादा, काय म्हणला? परत म्हण."
"न्हाई."
भाऊजी बनियननंच तोंड पुसायला लागले. रशीदभाई मडगार्डला टेकून खालीच बसले. मला काय झालं ते लिहिता येत नाही. पाठीवरचा हात मी तसाच दाबून धरला.
मग भानावर आलो. न्हाई, पण काय न्हाई?
इंजिन न्हाई पाहिजे? गप्प. हे छे सिलिंडर न्हाई? गप्प. गाडी विकायची न्हाई? गप्प. समोर बघत होते, वर उचललेल्या बोनेटकडं. पलीकडचं काही दिसत नव्हतं तिथून.
रशीदभाईंनी साखळी एक हात खाली सोडली, अंदाज घ्यायला. लगेच, "न्हाई!"
"रोक दो," म्हणाले ते भाऊजींना.
मी चहा दिला. "न्हाई," आणि चहा घेतला. खाली उतरता का? "न्हाई." मग नाही उतरवलं.

१९ जानेवारी, सोमवार
मॅडमसाठी लिहिते. शब्द : न्हाई. कुठं आला : गाडीत. कशावरून : माहीत नाही.
सकाळी हॉटेलवाल्याचा फोन आला भाऊजींना, माझ्यासमोरच. भाऊजी म्हणाले, "दादा न्हाई म्हणलाय साहेब. तुम्ही दुसरी बघा." तिकडं रशीदभाई म्हणतात, अंकुशभाई न्हाई म्हणला, मी इंजिन खाली घेणार न्हाई. काढून परतही नेणार न्हाई.
काल रात्री जेवताना मी हळूच विचारलं होतं. "तुम्हाला काय न्हाई म्हणायचं होतं?" यांनी माझ्या ताटातली मिरची उचलून स्वतःच्या ताटात घेतली. बस.
दुपारी गॅरेजला गेलो. हे सरळ गाडीकडं. चढवलं, बसले. इंजिन बोनेटच्या वर, हातभर उंच, तसंच टांगलेलं. साखळीतून मधूनच कुरकुर येते. मी रशीदभाईंना फोन लावला. म्हणलं, असं किती दिवस ठेवायचं हो, पडंल ना.
"खाली दोन ठोकळे सरकवा, भाभी. साखळी मजबूत हाय. राहू द्या."